परग्रहावरची गडबड

आमच्या शेजारचे मोरेदादा परग्रहावरच्या माणसांवर कायम नाराज असत. पृथ्वीवरच्या कुणावर रागवायला त्यांना सवडच मिळत नसे.

दर रविवारी दुपारी टीव्हीवर एक मालिका लागायची. तिच्यात हिरव्या तोंडाचे परग्रहवासी यायचे. आमच्या टीव्हीत साधी माणसंही नीट दिसत नसत, म्हणून मी दादांकडे जायची. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यातून बी.एस्सी. त्यामुळे दादा मला तज्ज्ञ समजत.

"बोला, कॉलेजवाल्या बाई! मागच्या रविवारी ह्याला पाणी लागलं की चटके बसत होते. आज मजेत नदीत पोहतोय. गडबड है की नाही?"

"असेल, दादा... आम्हाला हे अजून शिकवलेलं नाही," मी चाचरत म्हणायची.

"शिकवतील, शिकवतील. आणि हे बघा. आधी बोटं तीन, आता पाच! वरची दोन काय पाटणकर बाजारातून आणली?"

परग्रहवासीयांची बाजू घ्यायचा तो बबन, दादांचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर दादांनीच त्याला वाढवलं होतं. लग्न दोघांनीही केलं नव्हतं. "अरे यार दादा," बबन म्हणायचा, "दुसऱ्या ग्रहाचा आहे तो. बदलला तर तुझं काय जातं?"

"वा! उद्या दारात उभा राहिला तर ओळखायचा कसा?"

मग आमच्या हिंदी मुलखातल्या राज्याचे दोन तुकडे झाले. सरकारी कचेऱ्यांतली माणसंही वाटली गेली आणि बबनच्या वाट्याला नव्या राज्यातलं रायपूर आलं. त्या रविवारी परग्रहवासी चक्क दोन नाकं घेऊन आला, तरी दादा बबनची ट्रंक भरत बसले होते.

स्टेशनवर आम्ही सगळे पोचवायला गेलो होतो. गाडी हलली तसे दादा खिडकीबरोबर चालू लागले. "बबन, सेम टु सेम परत यायचं! बदललास तर घरात घेणार नाही!"

"एकदम सेम टु सेम!" बबन हसत ओरडला.

वर्षभर दादांनी एकट्याने परग्रहवासीयांना झोडपलं. बाजू घेणारं कुणी नसल्यामुळे त्यांना त्यात मजा येत नव्हती, हे मलाही कळत होतं. एकदा मी भीत भीत बबनसारखं बोलून पाहिलं. "राहू दे बेटा," दादा म्हणाले, "तुला जमत नाही."

दिवाळीला बबन आला. मिशी गायब! चहात चार चमचे साखर लागणारा बबन आता बिनसाखरेचा चहा पीत होता. "होय"च्या जागी रायपूरकडचं "हव" म्हणत होता. आणि भात? हे दोघे भाऊ भाताला आजाऱ्याचं खाणं म्हणत. आता बबन म्हणाला, "दादा, भाताशिवाय जेवल्यासारखंच वाटत नाही." म्हणाला आणि जीभ चावली. दादा एवढ्या चुका सोडणार थोडेच!

दादा उठले. पिशवी घेतली आणि बाहेर पडले. थोड्या वेळाने दाल बाजारातून तांदूळ घेऊन आले आणि स्वतःच शिजवायला बसले.

रविवारी दुपारी मालिका सुरू झाली. बबन टीव्हीकडे बघत होता, पण लक्ष सगळं दादांकडे. परग्रहवासीयाला जखम झाली. त्याचं रक्त नेहमी निळं असायचं, आज लालभडक! मला राहवेना.

"दादा, गडबड है ना?"

"कसली गडबड?" दादांनी बबनच्या ताटात भाताचा डोंगर रचला. भात जरा गिचका झाला होता. "बिचारा वर्षभर परक्या मुलखात राहतोय. हवापाणी बदललं की व्हायचंच असं. ओळखू तर येतोय ना?"

बबन मान खाली घालून भराभर जेवू लागला.

"अजून वाढू?" दादांनी विचारलं.

"हव," बबनच्या तोंडून निघून गेलं. तो चपापला.

दादांनी टीव्हीवरची नजर न काढता पातेलं पुढे ओढलं.

"हव," ते म्हणाले.