सुरंगवाडीच्या धक्क्याचं गाऱ्हाणं

सन १९९९च्या मे महिन्यात मालवणजवळच्या सुरंगवाडीचा मासेमारीचा धक्का समुद्रात कोसळला आणि थोड्याच दिवसांत त्याच गावात एका पॉप-पंक बँडची स्थापना झाली. दोन्ही घटनांची सरकारदरबारी नोंद झाली नाही. पुढं जे काही वाईट झालं ते नोंद झाल्यामुळं झालं, हे वाचकांनी आधीच ध्यानात घ्यावं.

धक्का गेल्यावर त्या खडकाळ किनाऱ्याला होड्या टेकेनात. मग बायकांनी कमरेभर पाण्यात शिरायचं, होडीतले मासे पाटीत घ्यायचे, पाटी डोक्यावर ठेवून बाहेर यायचं आणि तशाच ओल्या लुगड्यानं मालवणच्या बाजारात जाऊन बसायचं, अशी पद्धत पडली. सुभद्रा त्यांतलीच एक. तिचा मुलगा कौस्तुभ आदल्या वर्षी बारावी नापास होऊन म्हापशाला मामाकडं राहून आला होता. येताना त्यानं एक जुनी लाल इलेक्ट्रिक गिटार आणि परदेशी बँडांच्या कॅसेटी आणल्या. पॉप-पंक या संगीताचं शास्त्र तसं सोपं आहे. तीन कॉर्ड, दीड मिनिट वेळ आणि आईबापांवरचा राग. पहिल्या दोन गोष्टी कौस्तुभला जमल्या. पण आईवर रागवायला त्याला काही सापडेना. ती सकाळभर पाण्यात असायची. म्हणून तो धक्क्यावर रागावला.

बँडचं नाव ठेवलं ‘खवळलो’. दर्या उधाणला की आमच्याकडं ‘दर्यो खवळलो’ म्हणतात, त्यातला हा शब्द. ड्रमवर अक्षया, जी शाळेच्या लेझीम पथकात ढोल वाजवून गुरुजींचा एक कान कायमचा निकामी करून बसली होती. बेस गिटारवर बाबली, ज्याचा धंदा होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. आणि गाणं एकच, ‘धक्को’:

‘धक्को खंय रे, धक्को खंय?
आवशीचा लुगडा सुकता खंय!’

धक्का कुठाय आणि आईचं लुगडं सुकतंय कुठं, असा तो सवाल. पुढच्या ओळींत धक्का बांधणाऱ्याचा, मोजणाऱ्याचा आणि पास करणाऱ्याचा क्रमानं उद्धार होता. त्या छापण्यासारख्या नाहीत, पण खऱ्या होत्या.

पहिला कार्यक्रम देवीच्या जत्रेत झाला. दशावतारी मंडळींची रंगरंगोटी व्हायला उशीर होता, तेवढ्यात या तिघांना उभं केलं. आता आमच्या गावांची एक रीत आहे. देवळात वर्षाचं गाऱ्हाणं घालतात. एक मानकरी देवासमोर उभा राहून गावाची सगळी दुखणी मोठ्यानं सांगतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला बाकीचे गावकरी म्हणतात, ‘व्हय म्हाराजा!’ सुरंगवाडीत हे काम म्हाताऱ्या दाजींचं. स्टेजवर एक पोरगा घसा फोडून गावाचं दुखणं सांगतोय, हे कानावर पडताच दाजींच्या तोंडून सवयीनं निघालं, “व्हय म्हाराजा!” दाजी म्हणाले म्हणून पुढचे म्हणाले, पुढचे म्हणाले म्हणून मागचे. दुसऱ्या ओळीला खाजेवाले, फुगेवाले, तोंड रंगवलेला राजा आणि अर्धी मिशी लावलेला राक्षस, सगळे एका सुरात ओरडले. कौस्तुभ त्या दिवशी हवेत होता. “बाबल्या, बघलंस? ह्येका म्हणतत पंक!” असं तो घरी जाईपर्यंत सांगत होता.

खरं तर तिथंच थांबायला हवं होतं. पण पुढच्या कार्यक्रमाला लाऊडस्पीकरचा परवाना लागत होता आणि तिघंही कायद्याला भिणाऱ्या घरातले. ते तालुक्याच्या सांस्कृतिक कार्यालयात गेले. तिथं घाटावरून बदलून आलेले कुरणे साहेब होते. माणूस अतिशय सज्जन. त्यांनी आयुष्यात एकही अर्ज फेटाळला नव्हता. ते फक्त त्याची योग्य जागा शोधत.

“खवळलो,” त्यांनी वाचलं. “कोण खवळलं? रागाच्या भरात केलेला अर्ज घेता येत नाही.”

“नाव आहे साहेब, बँडचं,” कौस्तुभ म्हणाला. कार्यालयात शिरताच त्याची मालवणी बाहेरच्या पायपुसण्यावर राहिली होती.

“प्रकार?”

“पॉप-पंक.”

“पंक म्हणजे चिखल. पंकात जन्मतं ते पंकज, शाळेत शिकवलंय आम्हाला. चिखलाचे कार्यक्रम कृषी खात्याकडं. आमच्याकडं भजन, कीर्तन, दशावतार, ऑर्केस्ट्रा, बेंजो आणि इतर. इतरला मुंबईची मंजुरी लागते. गाणं कशाविषयी आहे?”

“आमच्या मोडलेल्या धक्क्याविषयी.”

“म्हणजे तक्रार!” साहेबांचा चेहरा पडला. “तक्रार आली की पोच द्यावी लागते, पाहणी करावी लागते, उत्तर द्यावं लागतं. कशाला तरुण वयात?”

अक्षयाला राहवलं नाही. “तक्रार न्हय ओ साहेब, गाऱ्हाणा ता! लोक व्हय म्हाराजा म्हणतत.”

हा शब्द ऐकून कुरणे साहेब खुलले. बदली होऊन आल्याच्या वर्षी त्यांनी एका देवळात गाऱ्हाणं ऐकलं होतं, वर वडे-सागोतीही जेवले होते. त्यांनी आनंदानं लिहिलं: ‘पारंपरिक लोककला (गाऱ्हाणे), विद्युत साधनांसह.’ परवाना हातोहात मिळाला. तिघांनी बाहेर येऊन सोलकढी पिऊन तो साजरा केला. तक्रार म्हणून राहिलं असतं तर त्या गाण्याला कधीतरी उत्तर मिळालं असतं. लोककलेला उत्तर देत नाहीत, टाळ्या देतात. हे त्या पोरांना कळलं नाही आणि मला त्यांची अजून दया येते.

इथून बँडचा आवाज बदलू लागला. लोककलेत मृदंग हवा, असा नियम कुरणे साहेबांनी दाखवल्यावर बाबलीनं बेस ठेवला आणि मृदंग गळ्यात घातला. त्याला तो वाजवता येत नव्हता, त्यामुळं तो मनात येईल तेव्हा एकदा थाप मारी. आवाजाची मर्यादा आली, तेव्हा अक्षयाच्या काठ्यांना कापड गुंडाळायला लावलं. पुढं ड्रमलाही गोधडी आली. मग भारनियमन सुरू झालं. सुरंगवाडीची वीज नेमकी तालमीच्या वेळी जाई, आणि विजेशिवाय लाल गिटार म्हणजे रंगवलेली फळी. कौस्तुभनं देवळातली पेटी मागून आणली. पेटीवर तीन कॉर्ड भरभर बदलेनात, म्हणून गाणं सावकाश झालं. दीड मिनिटाचं गाणं आधी सहा मिनिटांचं आणि नमन धरून अर्ध्या तासाचं झालं.

पुण्याच्या एका समीक्षकांनी कणकवलीच्या महोत्सवात ते ऐकलं आणि लिहिलं, की ‘खवळलो’ आता परिपक्व व अंतर्मुख झाला असून मृदंगाच्या दोन थापांमधली शांतता अस्वस्थ करणारी आहे. बाबलीनं ते वाचून घेतलं आणि पुढच्या कार्यक्रमात एकही थाप मारली नाही. त्याला पुरस्कार मिळाला. उद्धाराच्या ओळी परीक्षकांच्या सूचनेवरून गळाल्या. ‘धक्को खंय रे’ च्या जागी ‘धक्का तो अनंताचा’ आलं. बँडला दरवर्षीचं अनुदान लागलं, तिघांना रेशमी कुडते मिळाले, आणि सुभद्रा मुलाचं गाणं रेडिओवर ऐकून मासे उतरवायला पाण्यात शिरत राहिली. गाणं सुरू झालं की तीही अभिमानानं ‘व्हय म्हाराजा’ म्हणे.

आणि मग २००९ साली अघटित घडलं. दुसऱ्याच एका खात्यानं, कुणालाही न विचारता, सुरंगवाडीला नवा धक्का मंजूर केला.

कुरणे साहेब धावतच आले. “कौस्तुभराव, धक्का झाला तर तुमच्या कलेचा आधारच गेला! अनुदान वेदनेला आहे. वेदना नसेल तर ते परत घ्यावं लागेल. पण घाबरू नका, मी मार्ग काढलाय. मोडका धक्का आहे त्या स्थितीत सांस्कृतिक वारसा म्हणून जतन करायचा. फक्त एक जनसुनावणी घ्यावी लागेल.”

कौस्तुभ घरी गेला. सुभद्रा दारात बसून पाय चोळत होती. तिची बोटं पाण्यानं पांढरी पडली होती. त्यानं सगळं सांगितलं.

“आये, धक्को झालो तर बँड बंद पडतलो.”

“मगे?”

“मगे काय करू, तूच सांग.”

“माका काय इचारतस, झिला?” सुभद्रा म्हणाली. “माज्या कमरेक इचार.”

त्याला भयंकर लाज वाटली. इतकी वर्षं आपण हिच्या कमरेवर पेटी वाजवत आलो, हे त्याला पहिल्यांदा दिसलं. त्यानं माळ्यावरून लाल गिटार काढली. बाबलीनं होडीच्या इंजिनावर चालणारा जनरेटर आणला. अक्षयानं ड्रमवरची गोधडी भिरकावली आणि काठ्यांवरचं कापड सोडलं.

सुनावणी मोडक्या धक्क्यासमोर भरली. सगळा गाव आला होता, पुढं दाजी, त्यांच्या शेजारी सुभद्रा. कुरणे साहेबांनी प्रस्ताव वाचला: सुरंगवाडीचा मोडका धक्का आहे त्या स्थितीत कायम जतन करावा. “आता प्रथम कलावंतांनी आपलं म्हणणं मांडावं,” ते म्हणाले, “नंतर ग्रामस्थांनी मत द्यावं.”

कौस्तुभनं म्हणणं मांडलं. दहा वर्षांत वाजलं नव्हतं तसं ते गाणं वाजलं. माडांवरचे कावळे उडाले. जुन्या ओळी, जुना वेग, उद्धारासकट सगळं. त्यात आता पेटीचा, अनुदानाचा आणि स्वतःचाही उद्धार होता. आम्हाला धक्का पाहिजे, आत्ता पाहिजे, हे त्याहून सरळ शब्दांत सांगणं कुणालाही शक्य नव्हतं. आणि प्रत्येक ओळीला अख्खा गाव जीव तोडून ओरडत होता, “व्हय म्हाराजा!” सगळ्यांत मोठा आवाज सुभद्रेचा होता.

गाणं संपलं. कुरणे साहेबांनी चष्मा पुसला. त्यांना खरोखर भरून आलं होतं. मग त्यांनी कारकुनाला सांगितलं, “लिहा. प्रस्तावावर ग्रामस्थांनी एकमुखानं, वारंवार आणि मोठ्या आवाजात होकार दिला.”

“साहेब!” कौस्तुभ कार्यालयी मराठी विसरला. “ता होकार न्हय! ता गाऱ्हाणा!”

“अहो, तेच तर लिहिलंय. मी समोर होतो. ते होय म्हणाले. महाराजही म्हणाले.”

“पण आमका धक्को व्हयो!”

“तुम्हाला काय हवं ते तुम्ही मांडलंत. ग्रामस्थांना काय हवं ते ग्रामस्थांनी सांगितलं. लोकशाही आहे.”

नवा धक्का दुसऱ्या गावाला गेला. त्या गावाला समुद्र नाही, पण त्यांनी तक्रारही केली नाही. मोडक्या धक्क्याभोवती स्टीलचा कठडा बसला, दिवे आले, माहितीचा फलक लागला. बँडचं अनुदान वाढलं. कौस्तुभनं ते नाकारलं, तेव्हा त्याला बाणेदार कलावंत म्हणून दुसरं मिळालं. तो आता गात नाही. सकाळी आईबरोबर पाण्यात उतरतो आणि जड पाटी आपल्या डोक्यावर घेतो.

हे सगळं तुम्हाला ऐकीव वाटत असेल, पण तुम्ही इथं येऊन गेला आहात. २०१०च्या मे महिन्यात, सहकुटुंब. कठड्याला टेकून तुम्ही फलक वाचलात, व्यवस्थेवर चारचौघांत दोन छान टोमणे मारलेत, सगळे हसले. मग तुम्हाला मोडक्या धक्क्यासकट फोटो हवा होता. तुमच्या मागं कमरेभर पाण्यात एक बाई पाटी घेऊन उभी होती.

“मावशी,” तुम्ही हात हलवून म्हणालात, “जरा बाजूला व्हा ना, फोटोत येताय.”

ती झाली बाजूला. तिथं पाणी गळ्यापर्यंत होतं.