कधी जाणार, हे विचारायचं नाही

दत्तूकाकांकडे मुक्कामाला आलेल्या माणसाने एस.टी.ची वेळ विचारली की काकांना ऐकू येईनासं व्हायचं. एरवी आगरात नारळ पडला तर कुठल्या माडाचा पडला ते पडवीतून सांगणारा माणूस; पण "काका, रत्नागिरीची गाडी किती वाजता?" असं कुणी म्हटलं, की हात कानाला.

"काय? कढी? आहे की! गो, ऐकलंस काय, पाहुण्यांना वाईच कढी दे!"

कढी पिईपर्यंत गाडी गेलेली असायची.

आमचं गाव समुद्राकाठचं. ऐंशी सालानंतर घाटावरची माणसं आमची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, बघायला येऊ लागली. गावात लॉज नव्हतं. ज्याच्या घरात खोली मोकळी असेल तो ती दोन-चार दिवसांसाठी द्यायचा. काकाही माडीवरची खोली द्यायचे. खोली खरी त्यांच्या मुलाची, सुधीरची, पण तो मुंबईत नोकरीला. भाडं असायचं, ते काकांनी मागायचं नाही आणि काकूंनी विसरायचं नाही, अशी नवराबायकोत वाटणी होती.

मी शेजारचा. आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला पहिला मीच. परीक्षेला निघालो की काकू हातावर दही घालायच्या आणि काका पडवीतून ओरडायचे, "जातो म्हणू नकोस मेल्या, येतो म्हण!" मी बी.ए. झालो त्यात या दोघांचा वाटा किती, ते विद्यापीठाला ठाऊक नाही, मला आहे.

एका उन्हाळ्यात विहिरींनी तळ गाठला आणि ग्रामपंचायतीने नियम काढायचं ठरवलं. मुक्कामाला माणूस आला की घरमालकाने त्याच दिवशी पंचायतीत कळवायचं: कोण, कुठला आणि कधी जाणार. नाही कळवलं तर खोली देणं बंद.

"कोण, कुठला, ते ठीक," काका म्हणाले. "पण आलेला माणूस उंबऱ्याशी चपला काढतोय आणि मी विचारू, कधी जाणार? त्यापेक्षा सरळ जा म्हणून सांगतो! तू बी.ए. झालास ना? मग हरकत लिही."

मी दोन पानं लिहिली. त्यात नागरिकांचे हक्क होते, लोकशाहीची मूल्यं होती. काकांनी डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं.

"छान आहे. पण यात पाहुण्याला पाय धुवायला पाणी कुठे दिलंयस?"

माझी हरकत पडवीतल्या बाकाच्या लंगड्या पायाखाली गेली. बाक मात्र त्यानंतर हलला नाही.

ग्रामसभा शाळेत भरली. सरपंच समजुतीने बोलले, "दत्तूकाका, पाणी पुरवायचं तर किती माणसं, किती दिवस, हे कळायला नको?"

"माणसं मोज. दिवस कशाला मोजतोस?"

ग्रामसेवक भाऊसाहेब कोल्हापूरकडचे. ते उठले. "काका, नियम म्हणजे नियम. ज्याला दिवस सांगता येत न्हाई, त्याला ठेवून घेऊ नका."

काका शांतपणे म्हणाले, "भाऊसाहेब, बदली होऊन आलात तेव्हा उतरलात कुठे?"

"तुमच्याकडंच की. पडवीतल्या खोलीत."

"किती दिवसांसाठी?"

"दोन दिवस म्हणून. दुसरी जागा मिळंपर्यंत."

"ही कधीची गोष्ट?"

भाऊसाहेब कौलांकडे बघत पुटपुटले, "दिवाळीची."

"आता शिमगाही झाला. मी विचारलं कधी?"

सभेत असा हशा उठला की सरपंचांनाही तोंडावर रुमाल धरावा लागला. नियम बदलला. नाव-गाव आल्यावर कळवायचं, आणि जाण्याचा दिवस पाहुणा गेल्यावर. त्या संध्याकाळी काकूंनी ओल्या काजूंची उसळ केली. भाऊसाहेबांनी दोनदा मागून घेतली.

मग काका नियमाला इतके जागले, की पाहुणा गेला की दुसऱ्या सकाळी स्वतः पंचायतीत हजर. "साताऱ्याचे गेले. पण परत येतो म्हणालेत, तेही लिहा."

मे महिन्यात सुधीर यायचा होता. खोली मागायला आलेल्या सांगलीच्या मंडळींना काकांनी पहिल्यांदाच नाही म्हटलं. सुधीर आला तेव्हा मी पडवीतच होतो. खांद्यावरची बॅग खाली ठेवायच्या आधीच तो म्हणाला, "बाबा, परवा सकाळच्या गाडीने निघायचंय. रजाच नाही."

मला वाटलं, आता कढी येणार. पण काकांना नीट ऐकू आलं होतं.

"आधी पाय धू," एवढंच म्हणाले.

त्या परवाच्या सकाळी मीही स्टँडपर्यंत गेलो. गाडी हलली तसा सुधीर खिडकीतून ओरडला, "जातो हं, बाबा!" काका चार पावलं गाडीबरोबर चालले. काहीतरी म्हणालेही, पण इंजिनाच्या आवाजात ते मला ऐकू आलं नाही, तर त्याला काय येणार?

दुसऱ्या दिवशी मी रहिवासी दाखल्यासाठी पंचायतीत बसलो होतो. काका आले. टोपी काढून हातात घेतली.

"भाऊसाहेब, लिहा. काल एक पाहुणे गेले. मुंबईचे."

"नाव?"

"सुधीर दत्तात्रय."

भाऊसाहेबांनी मान वर केली. "अहो काका, ते तुमचे चिरंजीव."

"येतानाच कधी जाणार ते सांगितलंन. मग पाहुणाच की."

भाऊसाहेबांनी नोंदवही मिटली. मग पेन टोपणात घालत म्हणाले, "घरच्या माणसाची नोंद करायची नसते, काका."

"नसते?"

"न्हाई. नियमच आहे तसा."

"नक्की?"

"शिक्क्यानिशी."

काकांनी टोपी डोक्यावर नीट बसवली.

"मग ठीक," ते म्हणाले. "नियम म्हणजे नियम." आणि पायऱ्या उतरून घरी गेले.