कच्च्या पाकाची सोयरीक

भिमाजींनी दुकानातला माल घरी आणला, तिथंच सगळं बिघडलं.

माल म्हणजे चिक्की. लोणावळ्याच्या बाजारात भिमाजींचं चिक्कीचं दुकान. लॉकडाऊन लागला, भुशी धरणावर जाणारी गर्दी थांबली, पोलिसांनी शटर खाली घ्यायला लावलं. आत राहिलेले डबे उंदरांच्या तोंडी कशाला घालायचे, असा साधा सरळ विचार करून त्यांनी ते टेम्पोत टाकले आणि तुंगार्लीच्या घरी आणले. उंदीर उपाशी राहिले. (माल मात्र वाचला नाही.)

खरं तर उभ्या आयुष्यात त्यांनी चिक्की विकली, खाल्ली कधी नाही. वासानंच पोट भरायचं. पण घरी बसल्यावर टीव्ही लागला. बातम्यांतले आकडे वाढले की छातीत धडधड व्हायची आणि हात आपोआप डब्यात जायचा. आकडे उतरले की सुटकेच्या आनंदात पुन्हा डब्यात. शेजारी कुणी शिंकलं तर शेंगदाणा, रस्त्यानं ॲम्ब्युलन्स गेली तर काजू. भूक नव्हतीच हो! पोटाच्या जरा वर एक खड्डा पडल्यासारखं वाटायचं आणि तो गुळानंच बुजतो, अशी त्यांची खात्री झाली होती. दुकान परत उघडेल का, आपण राहतो का जातो, लेकीचं लग्न कधी होणार, सगळं त्या खड्ड्यात साठलेलं. बोलायचं कुणाशी? बाहेर माणूस नाही, आणि घरात तोंड उघडलं की बायको, सविताबाई, काढा पाजायच्या.

मग शुगर वाढली. डॉक्टरांनी फोनवरच झापलं. सविताबाईंनी उरलेले डबे कपाटात कोंडले आणि कपाटाची किल्ली मंगळसूत्रात ओवली.

"आता घ्या," त्या म्हणाल्या.

अशात लेकीला, स्नेहलला, स्थळ आलं. आलं कसलं, तिनंच आणलं. तळेगावच्या कंपनीत तिच्याच डिपार्टमेंटला असलेला स्वराज. घरचे सुदुंबऱ्याचे, शेतीवाडीवाले. बघण्याचा कार्यक्रम मोबाईलवर, व्हिडिओ कॉलने होणार होता. मुलगी सुंदर, शिकलेली, कमावती. अडचण एकच, मुलीचे वडील बोलायचे. आधीची दोन्ही स्थळं त्यांनी स्वतःच्या जिभेनं मोडली होती. एका मुलाच्या काकाला त्यांनी पोहे खाताखाता विचारलं होतं, "विग झकास बसलाय, कुठं केला?" दुसऱ्यांनी कौतुकानं आपल्या घरी केलेली चिक्की आणली, तर हे म्हणाले, "रस्त्याला टाका, खड्डे बुजतील."

म्हणून त्या दिवशी सकाळी स्नेहल वडिलांसमोर येऊन बसली. "बाबा, हे जमलंच पाहिजे. मला दुसरं कुणी नकोय. तुम्ही फक्त नमस्कार म्हणा. पुढं एक शब्द नको. प्लीज."

लेकीचे डोळे भरलेले बघून भिमाजींनी निमूट मान डोलावली. आपल्या तोंडाची त्यांना पहिल्यांदा स्वतःलाच भीती वाटली. आणि भीती वाटली की त्यांना काय लागायचं, ते तुम्हाला ठाऊक आहेच.

दुपारी मायलेकी साडीच्या निऱ्यांत गुंतल्या, तसे ते पाय न वाजवता स्वयंपाकघरात शिरले. गूळ कढईत पडला. शेंगदाणे भाजलेले होतेच. बाजारात भिमाजींचा पाक म्हणजे काय नाव होतं! पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा, दोन बोटांत मोडायचा, टक् आवाज आला तरच कढई उतरवायची. आवाज न येता थेंब वाकला तर पाक कच्चा. तसल्या पाकाची चिक्की करणाऱ्याला ते भर बाजारात म्हणायचे, "अरे, ही चिक्की आहे का चप्पल चिकटवायचं सोल्युशन?"

थेंब पाण्यात पडला. भिमाजींनी तो उचलला. तो वाकला. अजून मिनिटभर, असं ते मनाशी म्हणतात तोच दारात पैंजण वाजलं.

"अहो, गॅस चालू आहे का?"

आयुष्यात पहिल्यांदा भिमाजींनी कच्चा पाक उतरवला. शेंगदाणे ढवळले, तूप लावलेल्या ताटलीत ओतले, ताटली फ्रीजमागे सरकवली आणि "पाणी गरम करत होतो, वाफ घ्यायला" असं ठोकून दिलं. सविताबाईंना कौतुक वाटलं. (वाफेचं म्हटलं की त्या काळात कुणीही विरघळायचं.)

संध्याकाळी कॉल लागायच्या आधी मोबाईल फुलदाणीला टेकवण्यात सगळे गर्क होते. भिमाजींच्या छातीत धडधड सुरू झाली. त्यांनी खिशातला चांगला मोठा तुकडा काढला, तोंडात कोंबला आणि चावला.

तो पुन्हा सुटला नाही.

भिमाजींना वर-खाली कवळी होती. वरची खालचीला अशी चिकटली की दोन्ही मिळून एकच झाली. जबडा उघडायला गेलं की सगळं बिऱ्हाड हिरड्यांवरून उठायला बघायचं. त्यांनी घाबरून ओठ मिटले आणि तेवढ्यात पडद्यावर सुदुंबरं आलं. मधोमध मुलाची आजी झुंबरबाई, एका बाजूला मुलाचे वडील, दुसऱ्या बाजूला स्वराजचा अर्धा कान.

"राम राम पावणं!" झुंबरबाई म्हणाल्या.

भिमाजींनी हात जोडले. सविताबाईंनी डोळ्यांनी खुणावलं, नमस्कार म्हणा. भिमाजी म्हणाले, "हं."

"आमी शेतकरी मान्सं. पोरीला गुराढोरांचा वास चालंल न्हवं?"

"हं."

"नोकरी करू दे की तिला. आमची न्हाई कायबी हरकत. पर सणावाराला हितं आली पायजे."

"हं हं."

"आन् मानपान आमाला नगं. या रोगराईत कशाला लय मान्सं? घरच्या घरी उरकू."

भिमाजींनी जोरात मान हलवली, हिरडीला कळ गेली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"बगा बगा," झुंबरबाईंनी पदर डोळ्याला लावला. "लेकीचा बाप हाय. आतडं तुटतंय वो त्याचं."

इथवर ठीक होतं. मग मुलाच्या वडिलांना काय बुद्धी झाली कोण जाणे, ते हसत म्हणाले, "तुमचा चिक्कीचा धंदा ना? तसं त्यात काय एवढं असतंय म्हणा! गुळात शेंगदाणं टाकलं की झाली चिक्की. आमची आई तर चुलीवर करती, लोणावळ्यापेक्षा भारी."

सविताबाईंनी डोळे मिटून घेतले. स्नेहलनं साडीचा पदर मुठीत आवळला. तिसरं स्थळ चाललं!

भिमाजी लाल झाले. कपाळाची शीर ताडकन फुगली. चाळीस वर्षांचा पाक, कढया, टक् आवाज, सगळं घशापर्यंत आलं आणि कवळीवर आपटून मागं गेलं. त्यांनी एकदा नाकानं लांब श्वास सोडला. बस्स.

मग झुंबरबाई लेकाला म्हणाल्या, "शिक कायतरी! तू येवढं बोल्लास, पर त्या मान्सानं उलट सबुद काडला का? असल्या खानदानी घरातली पोर सोडायची न्हाई. आमची पसंती हाय."

कॉल संपला. स्नेहलनं वडिलांना मिठी मारली. "बाबा, तुम्ही माझ्यासाठी एवढं सहन केलंत!"

भिमाजी बेसिनकडे धावले. कोमट पाण्याच्या चुळांवर चुळा भरल्यावर दोन्ही कवळ्या आणि मधे चिक्की असा एकसंध ऐवज बाहेर पडला. मागं उभ्या सविताबाईंना सगळं कळलं. त्या आता आकाशपाताळ एक करणार म्हणून भिमाजींनी मान खाली घातली. पण सविताबाई त्या ऐवजाकडे बराच वेळ आदरानं बघत राहिल्या.

"हा पाक लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या.

त्यानंतर सुपारीला एक तुकडा. साखरपुड्याला एक तुकडा. व्याह्यांचा फोन आला की मंगळसूत्रातली किल्ली फिरायची आणि भिमाजींना तुकडा मिळायचा. शुगर ताब्यात राहावी म्हणून बाकी दिवस दुधीचा रस. बाजारातला नावाजलेला कारागीर स्वतःच्या हातानं मुद्दाम कच्चा पाक काढत होता आणि सुदुंबऱ्यात त्याला सगळे 'देवमाणूस' म्हणत होते.

लग्न तुंगार्लीच्या अंगणात झालं, मोजक्या माणसांत, मास्क लावून. सकाळीच सविताबाईंनी हातावर तुकडा ठेवला होता. भिमाजींनी तो गुपचूप कुंडीत टाकला. आज लेकीशी बोलायचं, असं त्यांचं ठरलं होतं. वाक्यही पाठ केलं होतं, 'बाळा, तुझ्याशिवाय घर खायला उठेल.'

पाठवणीला स्नेहल पाया पडली. "बाबा, आज तरी बोला ना काहीतरी."

भिमाजींनी तोंड उघडलं. शब्द येईना. पुन्हा उघडलं. घशात काहीतरी दाटून आलं होतं आणि तो गूळ नव्हता. मास्क भिजला. झुंबरबाई रडायला लागल्या, व्याही रडायला लागले.

सविताबाई पुढं झाल्या. त्यांनी नवऱ्याचा मास्क खाली ओढला आणि लहान मुलासमोर धरावा तसा हात त्यांच्या हनुवटीखाली धरला.

"टाका बाहेर," त्या हळूच म्हणाल्या. "झालं लग्न. आता बोललात तरी चालेल."

भिमाजींनी मान हलवली आणि 'आ' करून दाखवला. आत काही म्हणजे काही नव्हतं.

सविताबाईंचेही डोळे भरून आले. पदरानं ते टिपून त्या म्हणाल्या, "जीभ वर करा."