नमुन्याचा माल

डॉक्टरांनी दीपकला शौचाचा नमुना तपासून आणायला सांगितलं आणि वर पथ्य घातलं : रिपोर्ट स्वच्छ येईपर्यंत मासे बंद. महिनाअखेरच्या रविवारी बुरोंडीला, सासुरवाडीत, सुरमईचं जेवण ठरलेलं. बिघडलेल्या पोटाने मऊ भातावर दिवस काढणाऱ्या माणसाला हा दुष्काळात तेरावा महिनाच होता.

दीपकचा हातखंब्याला आंब्याचा व्यापार. नमुना म्हणजे काय, हे आपल्याला डॉक्टरांपेक्षा जास्त कळतं, असं त्याचं मत. नमुन्याला निवडक फळ द्यायचं. आपल्या बागेतला माल बरा नसेल तर शेजारच्या बागेतलं. लॅबची डबी हातात आल्यावर त्याने स्वतःच्या मालाचा विचार केला आणि तो खिन्न झाला. असला माल दाखवायचा कुणाला?

चांगला माल घरातच होता. त्याचे वडील काशीराम सत्तरीतही फणसाचे गरे पचवायचे आणि पोटाची तक्रार जन्मात नाही, हे आल्यागेल्याला ऐकवायचे. दीपकने चाचरत डबी पुढे केली. म्हातारा रागावण्याऐवजी फुललाच.

"मापात कमी नको," ते म्हणाले. डबी काठोकाठ भरून आली. थोडासाच पुरला असता, असं लॅबमधल्या मुलीने तोंड फिरवून सांगितलं.

काही दिवसांनी रिपोर्ट आला, नमुन्यात टायफॉइडचे जंतू. डॉक्टरांनी मासे आणखी महिनाभर बंद केले, तसा दीपकचा धीर सुटला आणि त्याने खरं काय ते सांगून टाकलं. डॉक्टर आधी हसले, मग गंभीर झाले. घरात सोलकढी कोण करतं, असं त्यांनी विचारलं.

नारळाचं दूध हाताने पिळायचा मान काशीरामांचा. जंतू त्यांच्या पोटात निवांत राहत होते आणि सोलकढीतून घरभर वाटले जात होते. दीपकचा खरा नमुना तपासला, तो मात्र आता स्वच्छ निघाला.

त्या रविवारी निघताना दीपकला अपराधी वाटलं. काशीराम गोळ्या आणि पेज घेऊन पडवीत बसले होते.

"सत्तर वर्षं माझा पोट गप होता," ते म्हणाले. "तू त्याला बोलता केलास. जा आता, माझ्या वाटची पण खाऊन ये."

बुरोंडीला सुरमईचा वास अंगणापर्यंत आला होता. दीपकची बायको राजश्री आदल्या दिवशीच माहेरी पोचली होती आणि तिच्या पोटात काही राहत नसे. दीपकने पानावर बसण्याआधीच खिशातून स्वच्छ रिपोर्ट काढून सासूबाईंपुढे धरला.

सोनूबाईंनी तो कौतुकाने पाहिला.

"बरा झाला हो जावईबापू," त्या म्हणाल्या. "पण ह्यो कोणाचा?"

आणि त्यांनी त्याच्या पानात पेज वाढली.