साडेचारशेचं दोनशे कुणी केलं?

"लिहा," दिगंबर सोवनी खुर्चीतून उठून खिडकीशी जात म्हणाले. "'असत्याला घाम फोडणारा, गुन्हेगाराच्या मनात गुन्हेगाराच्या आधी पोहोचणारा, पुण्याचा एकमेव खासगी गुप्तहेर. नजर ससाण्याची, स्मरणशक्ती हत्तीची.' झालं?"

"सर, हे आपण कालच लिहिलंय," नम्रता म्हणाली.

"मग आज पुन्हा लिहा. हत्तीच्या लक्षात राहतं, लोकांच्या राहत नाही."

नम्रताने संकेतस्थळाच्या 'आमच्याविषयी' या पानावर तेच वाक्य दुसऱ्यांदा टाइप केलं. ती वर्ध्याहून स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात आली होती आणि दुपारी तीन तास नारायण पेठेतल्या या कार्यालयात काम करायची. तिथे शांतता असते, अभ्यास होतो, असं तिला मैत्रिणीने सांगितलं होतं. शांतता होती. सात महिन्यांत सहा माणसं आली होती, आणि त्यातली चार खालच्या बाइंडिंगवाल्याचा पत्ता विचारायला.

सोवनींनी एकतीस वर्षं विमा कार्यालयात काढली होती, तीही दुभत्या जनावरांच्या विभागात. मेलेली म्हैस हीच विमा उतरवलेली म्हैस आहे का, हे कानातल्या बिल्ल्यावरून पडताळायचं, हे त्यांचं काम. स्वेच्छानिवृत्तीनंतर त्यांना साक्षात्कार झाला की माणसांच्या कानात बिल्ला नसतो, आणि खरं आव्हान तिथेच आहे.

सातवा माणूस त्या गुरुवारी आला. तिशी ओलांडलेला, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात लॅपटॉप उघडाच.

"बाइंडिंग खाली," नम्रता सवयीने म्हणाली.

"नाही, मला डिटेक्टिव्ह हवाय. मी सौमित्र. माझ्या बायकोची बाइक कुणीतरी बदललीये."

सोवनी सावकाश वळले. ही वळण्याची पद्धत त्यांनी आरशासमोर बसवली होती. "कुणाच्या बाइकशी?"

"कुणाच्या नाही. मॉडेल बदललंय. आम्ही साडेचारशे सीसीची ऑफ-रोड बाइक बुक केली होती. काल शोरूममधून मेसेज आला की तुमची दोनशे सीसी आली आहे. मी जाऊन फॉर्म बघितला. साडेचारशे खोडून कुणीतरी दोनशे लिहिलंय. निळ्या पेनने. शेजारी सहीचा नुसता फराटा."

"ऑफ-रोड म्हणजे?"

"रस्ता नसेल तिथे चालवायची गाडी, सर," नम्रताने सांगितलं.

"त्यासाठी पुण्यात वेगळी गाडी लागते?" सोवनी खरोखरच गोंधळले.

सौमित्रने लॅपटॉप वळवून दाखवला. त्यावर बेचाळीस रकान्यांचा तक्ता होता. ताकद, टॉर्क, टाकी, टायर, सगळं रंगीत. "दोन महिने रिसर्च केला. सगळ्या रकान्यांत साडेचारशे पुढे आहे. ऑफिसच्या ग्रुपवर सगळ्यांना सांगूनही झालंय."

"तुम्ही स्वतः कोणती चालवता?" नम्रताने विचारलं.

"मला गिअरची येत नाही. चालवणार सलोनी. ती फिजिओथेरपिस्ट आहे, आठ महिने दर रविवारी लोणी काळभोरला मातीतली बाइक शिकते. पण रिसर्च सगळा माझा."

"मग सलोनीताईंना विचारलं का?"

"छे! तिला कळलं तर ती कोसळेल. पुढच्या आठवड्यात तिची पहिली राइड आहे. तिला कळायच्या आत मला हे निस्तरायचंय. रविवारी दुपारी बारापर्यंत 'दोनशे नको' म्हटलं, की ती गाडी वेटिंगवरच्या दुसऱ्या कुणाला जाईल आणि आमची साडेचारशे तीन महिन्यांनी येईल."

"पण मग त्यांची पहिली राइड..." नम्रताने सुरुवात केली.

सोवनींनी हात वर केला. "घरच्या माणसाला कधी काही विचारायचं नसतं. तपासाचा पहिला नियम."

दुसरा नियम आजवर कुणाला कळला नव्हता.

सौमित्र गेल्यावर सोवनींनी फळ्यावर मोठ्या अक्षरात वजाबाकी मांडली. साडेचारशे वजा दोनशे. उत्तर आलं त्याभोवती त्यांनी तीन वर्तुळं काढली.

"अडीचशे सीसी," ते खोल आवाजात म्हणाले. "सगळं जग विचारेल, कुणी बदलले? सोवनी विचारतो, ते अडीचशे गेले कुठे?"

नम्रताने पंचायत राजवरचं प्रकरण मिटून ठेवलं. आज अभ्यास होणार नव्हता.

शुक्रवारी ते स्वारगेटजवळच्या शोरूमवर गेले. सोवनींनी वेषांतर केलं होतं. काळा गॉगल, गळ्याला मफलर आणि हातात दुचाकी नसलेल्या माणसाचं हेल्मेट. विक्रेत्याच्या शर्टावर नाव होतं, बुद्धभूषण. शांत, नीटनेटका तरुण.

"मला अडीचशे सीसी दाखवा," सोवनी काउंटरवर झुकून कुजबुजले. "सुटे."

बुद्धभूषणने त्यांच्याकडे पाहिलं, मग नम्रताकडे पाहिलं. नम्रताने नजर छताला लावली.

"सर, सीसी सुटे मिळत नाहीत. इंजिनासकट घ्यावे लागतात."

"म्हणजे असतं काय ते?"

"सिलिंडरमध्ये पिस्टन वरखाली होतो ना, तेवढ्या जागेचं माप. जागा जास्त, ताकद जास्त. आणि बहुतेक वेळा वजनही जास्त."

"म्हणजे जागेचं माप? अडीचशेची जागा?" सोवनींनी नम्रताला बाजूला ओढलं. "कळलं? जागा गिळंकृत झालीये. हे जमिनीचं प्रकरण आहे!"

नम्रता हात सोडवून काउंटरशी परत आली. "दादा, फॉर्मवर खाडाखोड कोण करतं?"

"कस्टमरने मॉडेल बदललं की कस्टमरच खोडतात आणि फराटा मारतात."

"कोणत्या कस्टमरने?"

"ज्याची गाडी त्याने, मॅडम. मी त्या दिवशी रजेवर होतो, पण पद्धत तीच."

नम्रताच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. तेवढ्यात सोवनींनी तिला मफलरच्या टोकाने बाहेर खुणावलं.

"ऐकलंत? रजेवर होतो म्हणे! निर्दोष माणूस कधी रजेवर नसतो."

"सर, तो म्हणतो ज्याची गाडी त्याने..."

"तेच तर! नाव घ्यायला घाबरतोय. म्हणजे वरचा कुणीतरी आहे. घरातला."

घरातलं म्हणजे सौमित्रची आई, यमुनाबाई. शनिवारी सकाळी सोवनी गॅस एजन्सीचे कर्मचारी होऊन, नम्रताला मागे घेऊन, त्यांच्या दारात उभे राहिले. सलोनी दवाखान्यात गेली होती.

"सिलिंडर तपासायचाय," सोवनी म्हणाले. सिलिंडर हा शब्द त्यांनी कालच नव्याने कमावला होता.

"आमच्याकडे पाइपने गॅस येतो," यमुनाबाई म्हणाल्या. "पण एवढे जिने चढून आलाच आहात तर पाइप बघून घ्या. तिथे आहे. हात लावू नका."

सोवनींनी पाइपाकडे तीन मिनिटं गंभीरपणे पाहिलं. मग वही पुढे केली. "नोंदीसाठी एक आकडा लिहा. दोनशे."

यमुनाबाईंनी लिहिलं, २००. ठळक मराठी आकडे. फॉर्मवरचे आकडे इंग्रजी होते. जिना उतरताना सोवनींचा श्वास उत्साहाने जड झाला होता. "किती पोचलेली बाई! संशय येऊ नये म्हणून मुद्दाम मराठीत लिहिलं!"

नम्रता दोन पायऱ्या मागे राहिली आणि परत वर गेली. तिच्याकडून वेषांतर व्हायचं नव्हतं. "आजी, आम्ही गॅसवाले नाही."

"ते मला दारातच कळलं. काय काम आहे?"

"सूनबाईंनी कोणती मोटरसायकल घ्यावी असं तुम्हाला वाटतं?"

"मला काय वाटायचंय? गाडी तिची, पाय तिचे, पडणार ती. मत द्यायला माझा मुलगा आहे की. दोन महिने जेवणाच्या टेबलावर टॉर्क वाढतोय तो." यमुनाबाई दार ओढता ओढता थांबल्या. "अगं, तिलाच विचार ना. उद्या रविवार आहे, तिथे मातीत असेल."

रविवारी साडेअकराला सोवनींनी सगळ्यांना लोणी काळभोरच्या त्या मैदानावर बोलावलं. गुन्हेगार सर्वांसमोर उघडा पाडायचा असतो, हा बहुधा दुसरा नियम असावा. मैदान आम्रपालीचं. तिच्या वडिलांच्या रानातला चार एकराचा तुकडा. तिथे ती बाया-माणसांना मातीतली गाडी शिकवायची. उंचवटे, दगड, वाळूचा पट्टा, आणि टँकरने पाणी सोडून केलेला एक चिखलाचा खड्डा. यमुनाबाई लिंबाखाली घडीच्या खुर्चीत बसल्या. बुद्धभूषण आला, कारण तिथे गिऱ्हाइकं भेटतात. सौमित्र सारखा घड्याळ बघत होता. लांब वाळूत सलोनी आम्रपालीची एक छोटी, दोनशेची गाडी उभ्याने चालवत फेऱ्या मारत होती. आज घरचे सगळे का आलेत, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"मंडळी," सोवनी खड्ड्याच्या काठावर उभे राहिले. "या मैदानावर एक गुन्हेगार आहे. बुद्धभूषण! ज्या दिवशी खाडाखोड झाली त्याच दिवशी रजा?"

"बहिणीची तोंडी परीक्षा होती, सर. तिला सोडायला गेलो होतो."

"यमुनाबाई! मराठी आकड्यांच्या आड काय दडवताय?"

"इंग्रजी आकडे," यमुनाबाई म्हणाल्या.

"आणि तुम्ही, आम्रपाली! शिष्येने आपल्यापेक्षा मोठी गाडी घेऊ नये म्हणून..."

"माझ्याकडं साडेचारशे हायच की," आम्रपालीने लिंबाला टेकवलेली गाडी दाखवली. "ती बघा. काय बोलतोय ह्यो मानूस?"

बारा वाजायला बारा मिनिटं होती. सौमित्रने फोन काढला. "मी शोरूमला सांगून टाकतो, दोनशे दुसऱ्या कुणाला देऊन टाका म्हणून. गुन्हेगार नंतर सापडू दे."

नम्रता धावली. वाळूत पाय रुतत होते, चप्पल सुटत होती, पण ती सलोनीच्या गाडीसमोर जाऊन दोन्ही हात पसरून उभी राहिली. सलोनीने ब्रेक दाबला, हेल्मेटची काच वर केली.

"ताई, त्या फॉर्मवर दोनशे कुणी लिहिलं?"

"मी," सलोनी म्हणाली. "का?"

एवढंच. तीन दिवस, दोन वेषांतरं आणि एक गॅसचा पाइप, आणि उत्तर एका अक्षराचं.

दोघी लिंबापाशी आल्या. नम्रताने सांगितलं तेव्हा सौमित्रचा फोन कानापासून खाली आला.

"तू बदललंस? आणि मला सांगितलं नाहीस?"

"तीनदा सांगितलं. एकदा जेवताना. तू म्हणालास, 'हं, टॉर्क बघतो.' एकदा गाडीत. तू म्हणालास, 'शीटमध्ये टाकतो.' तिसऱ्यांदा तर तू म्हणालास, 'चालेल', म्हणून मी जाऊन बदललं."

"पण बेचाळीस रकाने..."

"त्यात पडल्यावर कोण उचलणार, हा रकाना कुठंय?"

सौमित्रने छाती पुढे काढली. "मी उचलीन ना."

"ये," सलोनी म्हणाली. तिने आम्रपालीची साडेचारशे खड्ड्याच्या कडेला नेली, हळूच डाव्या अंगावर आडवी केली आणि हात झटकले. "उचल."

सौमित्रने हँडल धरलं. मग सीट धरली. मग दोन्ही धरून तोंड लाल केलं. गाडी ढिम्म. दोनशे किलोच्या आसपास लोखंड चिखलात निवांत पडलं होतं.

"बाजूला व्हा," सोवनी बाह्या सरसावत म्हणाले. "एकतीस वर्षं म्हशी उठवल्यात मी."

"मेलेल्या, सर," नम्रता पुटपुटली.

सोवनी पलीकडून, म्हणजे खड्ड्यात उतरून, दिशा द्यायला लागले. बुद्धभूषणही मदतीला आला. तिघांनी 'हुप्प' केलं, गाडी उठली, सरळ झाली आणि तशीच पुढे जाऊन दुसऱ्या अंगावर सोवनींना घेऊन पडली. चिखल मऊ होता म्हणून पाय वाचला, पण गुडघ्याखालचे सोवनी दिसेनासे झाले.

"ढकललं!" ते खालून ओरडले. "कुणीतरी ढकललं मला!"

आम्रपाली, बुद्धभूषण आणि सौमित्र यांनी मिळून गाडी वर काढली. सोवनींना यमुनाबाईंच्या खुर्चीत बसवलं.

सलोनीने मग काही न बोलता दोनशेची गाडी आडवी केली. हँडल पूर्ण वळवलं, गाडीकडे पाठ केली, खाली बसून एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हाताने मागची दांडी धरली. आणि पाठीने रेटत, छोटी छोटी पावलं मागे टाकत, एकटीने उभी केली. श्वास जरा फुलला होता, इतकंच.

"साडेचारशे भारी आहे, मान्य," ती म्हणाली. "हायवेला मजा येते. पण त्यावर बसलं की माझे नुसते चवडे जमिनीला टेकतात. वाळूत चारदा पडले, चारही वेळा दोघांना हाका मारल्या. मला हाका मारायला लागू नये म्हणून तर ही गाडी घ्यायचीय."

बुद्धभूषणने घड्याळ पाहिलं. "सर, बाराला चार मिनिटं आहेत. दोनशेचं काय करू?"

सौमित्रने लॅपटॉपच्या पिशवीवरचा चिखल अंगठ्याने पुसला. "मला काय विचारताय? गाडी तिची आहे."

"ठेवा," सलोनी म्हणाली. "येत्या शनिवारी घेऊन जाते."

नम्रताला कारण नसताना हसू आलं. सौमित्र बायकोजवळ गेला. दोन महिन्यांत त्याने बेचाळीस प्रश्नांची उत्तरं शोधली होती, पण हा प्रश्न त्याला आत्ता सुचला.

"एकटी कुठं जाणारेस तू?"

"जिथे रेंज नाही तिथे."

सौमित्रने खिशातल्या फोनकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला. "मग आल्यावर सांगशील?"

"सांगेन," सलोनी म्हणाली. "एकदाच."

"एकदा पुरे," तो म्हणाला, आणि यमुनाबाईंनी आयुष्यात प्रथमच मुलाकडे कौतुकाने पाहिलं. तशी नजर त्यांना सवयीची नसल्यामुळे ती फार टिकली नाही.

तेवढ्यात खड्ड्याकडून आवाज आला. सोवनी उठून पुन्हा काठावर उकिडवे बसले होते. चिखलातून त्यांनी काहीतरी काठीने वर काढलं.

"नम्रता! इकडे या, कुणाला बोलू नका." ते कुजबुजले. "काळा बूट. डाव्या पायाचा, आठ नंबर. टाच बाहेरून झिजलेली, म्हणजे सतत चालणारा माणूस. नाडीला दुहेरी गाठ, म्हणजे सावध. मध्यमवयीन, धाडसी, असामान्य बुद्धीचा. आपल्या डोळ्यांदेखत तो इथून पळालाय!"

नम्रताने त्यांच्या डाव्या पायाकडे पाहिलं. तिथे नुसता मोजा होता, आणि मोज्यातून अंगठा बाहेर येऊन वारा खात होता.

"लांब गेला नसेल, सर," ती म्हणाली.