सावळाराम तात्यांना व्हिसा नाकारल्याचे फायदे

माणूस आपल्या देशात कशासाठी येतो आहे, यापेक्षा तो परत जाईल की नाही, याची चिंता परकीय सरकारांना अधिक असते. ही चिंता रास्तच म्हटली पाहिजे. दारात पाहुणा दिसला की आपणही चहा टाकण्याआधी त्याला परतीची गाडी कितीची आहे ते विचारून घेतो. सरकारं हेच काम शिक्का मारून करतात, एवढाच फरक.

कळस (ता. इंदापूर) येथील डाळिंब बागायतदार सावळाराम तात्या आणि त्यांच्या पत्नी प्रयागबाई यांचा या चिंतेशी संबंध गेल्या वर्षी आला. त्यांची मुलगी प्रगती लग्नानंतर परदेशात असते. (देशाचं नाव मुद्दाम देत नाही. तात्यांचा दुसरा अर्ज तिथं विचाराधीन आहे.) तिला मुलगी झाली, तेव्हा ती फोनवर म्हणाली, "आई, तुमी दोघं या. हितं बाळ रडलं की शेजारी खिडकी लावून घेत्यात."

प्रयागबाईंनी तेव्हाच पिशवी भरायला घेतली. व्हिसा नावाची वस्तू लागते, हे पिशवी भरून झाल्यावर कळलं.

इंदापूरला एसटी स्टँडजवळ आबासाहेबांचं परदेश प्रवास मार्गदर्शन केंद्र आहे. आबासाहेब स्वतः नेपाळला जाऊन आलेले आहेत. (नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही. तरी तेवढाही अनुभव आसपास कोणाला नसल्यामुळे तो ग्राह्य धरण्यात येतो.) पर्यटक व्हिसाचे प्रकार ते साखर कारखान्याच्या गेटचा दाखला देऊन समजावतात.

"हे बघा तात्या, काही देशांचं गेट उघडंच असतंय. नुसतं आत शिरायचं. काही ठिकाणी गेटवर उतरायचं नि तितंच पावती फाडायची. काहींची पावती घरबसल्या कॉम्प्युटरवर निघती. आन् चौथ्या प्रकारात गेटवाला आधी मुंबईला बोलावून इचारतो, तुमचं आत काम काय?"

"आमच्या प्रगतीचा देश कशात बसतोय?"

"चौथ्यात."

तात्यांनी बराच विचार केला. "मग उघड्या गेटाच्या देशात जाऊन आलं तर?"

"तितं आपलं कोण हाय?" प्रयागबाईंनी विचारलं.

"कोण न्हाय. पण तरास वाचतोय."

हा प्रस्ताव चर्चेविना फेटाळण्यात आला.

आबासाहेबांचा सिद्धांत असा, की पर्यटक व्हिसा फक्त पर्यटकालाच देतात, सबब मुलीचं नाव तोंडातून काढायचं नाही. (हा सिद्धांत त्यांनी कोणाला विचारून मांडलेला नव्हता.) त्यामुळे तात्यांना पर्यटनाची आवड लावण्याचं काम सुरू झालं. उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी बघायला लांबून माणसं येतात. तात्यांनी त्या पाण्याकडे मोटार चालू आहे की बंद, एवढ्यापुरतंच पाहिलेलं. तेच तात्या आता डाळिंबावर फवारा मारताना "मला धबधब्यांची फार आवड आहे" असं शुद्ध भाषेत म्हणू लागले.

याशिवाय परत येण्याची कारणं म्हणून सोबत सातबारा, तात्यांकडे बघत असलेल्या म्हशीचा फोटो आणि पुतण्याची लग्नपत्रिका घेतली. (पत्रिकेत वधूच्या नावाची जागा कोरी होती. शोध चालू होता.)

मुंबईच्या वकिलातीत दोघांना वेगवेगळं बोलावलं. पहिला नंबर तात्यांचा. साहेब इंग्रजीत विचारी आणि शेजारची बाई ते मराठीत सांगे.

"कशासाठी जायचंय?"

"संग्रहालय बघायला."

"कुठलं?"

"असतील तेवढी."

"तिथं तुमचं कोणी आहे?"

तात्यांना आबासाहेबांचा सिद्धांत आठवला. "कोण न्हाय," ते म्हणाले.

अर्जावर मात्र राहण्याचं ठिकाण म्हणून प्रगतीचं नाव आणि पत्ता होता. साहेबांनी अर्जाकडे पाहिलं, मग तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी म्हशीचा फोटो पुढं केला. व्हिसा नाकारण्यात आला.

तात्या भिंतीकडेच्या बाकावर जाऊन बसले. नातीचं तोंड आता फोनवरच बघायचं, हे त्यांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. ते ध्यानात आल्यावर त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि टोपीकडेच बघत राहिले.

मग प्रयागबाईंचा नंबर आला. त्या आबासाहेबांची शिकवण विसरल्या होत्या.

"कशासाठी जायचंय?"

"नातीला बघायला."

"आणखी काय बघणार?"

"तिच्या आईला."

"तुम्ही परत याल कशावरून?"

प्रयागबाईंनी मागं वळून बाकाकडे बोट केलं. "त्ये बघा, बसलेत. चहात साखर झाली का, ह्येबी पिऊन मलाच इचारत्यात. किती दिवस सोडून ऱ्हाऊ?"

साहेबांनी मान लांब करून तात्यांना नीट न्याहाळलं. व्हिसा मंजूर झाला.

अशा रीतीनं, नवऱ्याचा नाकारलेला व्हिसा हे बायकोच्या व्हिसाचं सर्वांत भक्कम कागदपत्र असल्याचं सिद्ध झालं. आबासाहेबांनी लगेच 'घरटी एक नकार' ही योजना सुरू केली. यशाचं प्रमाण शंभर टक्के आहे (एकापैकी एक). हल्ली कळंबहूनही जोडपी येतात आणि नकार कोणी घ्यायचा यावरून केंद्रातच भांडतात.

प्रयागबाई एकट्याच विमानात बसल्या. तात्या रोज सकाळी बागेतून फोन लावत आणि नातीला फुलगळ किती झाली ते सांगत. ती जांभई देई. "ध्यान दिऊन ऐकती," तात्या म्हणत. एकदा म्हणाले, म्हशीनं खाणं सोडलंय. प्रयागबाई म्हणाल्या, म्हैस दाखवा. म्हैस रवंथ करत होती. तात्यांचीच गालफडं बसलेली दिसली.

व्हिसाची मुदत शिल्लक असताना, लेकीनं अडवलेलं असताना, प्रयागबाई परत आल्या. पुण्याच्या विमानतळावर तात्यांना दुसरं काही सुचेना.

"लवकर आलीस."

"त्या सायबाला शब्द दिला हुता," त्या म्हणाल्या आणि पिशवी त्यांच्या हातात दिली.

वाचकांपैकी कोणाचा परदेशी जाण्याचा विचार असल्यास त्यांनी अर्ज भरण्यापूर्वी घरी एकदा सहज विचारून पाहावं, "मी परत आलोच नाही तर?" घर गप्प झालं तर व्हिसा मिळण्यास हरकत दिसत नाही. "मग तिकीट एकाच बाजूचं काढायचं का?" असं उत्तर आलं, तर मात्र आपलं प्रकरण अवघड आहे. त्याचा दोष परकीय सरकारला देऊ नये.