अर्लीनबाईंचा मरणारा प्रोग्रॅम

"कर्नलमधली चारशे ओळींची अडगळ मी साफ केली! जगात ती वापरणारा एकही माणूस उरलेला नाही!" डुलूथच्या कर्लिंग क्लबात, म्हणजे बर्फावर दगड घरंगळवणाऱ्यांच्या अड्ड्यावर, शनिवारी सकाळी वर्लिन हॉगेनने छाती फुगवून जाहीर केलं.

कर्नल म्हणजे कंप्युटरचा गाभा, सगळे प्रोग्रॅम चालवणारा; वर्लिन त्यावर काम करायचा. अडगळ म्हणजे त्यातली एक जुनीपुराणी रचना. जुन्या पद्धतीचा प्रोग्रॅम कोसळला, की कर्नल त्याच्या मेमरीची प्रत फाइलीत उतरवायचं आणि वर ही रचना चिकटवायचं. मरताना गडी कुठे होता, पोटात काय होतं, सगळं त्यात. पंचनामाच म्हणा ना! वर्लिनने ती काढण्याआधी कर्नलवाल्यांच्या मेलिंग लिस्टवर रीतसर विचारलंही होतं. दोन आठवडे कुणी हूं की चूं केलं नाही. मग स्वारी इतकी खूश झाली, की नवं कर्नल पहिल्यांदा क्लबाच्याच कंप्युटरवर चढवलं आणि जुनं पुसूनही टाकलं.

दहाला स्पर्धा. सोळा संघ, चौसष्ट खेळाडू, दगडापुढचा बर्फ घासायचे झाडू हातात घेऊन बर्फापाशी तयार. कोण कुणाशी खेळणार ते अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या अर्लीनबाईंचा प्रोग्रॅम ठरवायचा. बाईंनी कळ दाबली. प्रोग्रॅम मेला.

"वर्लिन, मढं कुठंय?"

"कसलं मढं?"

"प्रोग्रॅमचं! तो मेला की फाइल पडते, तिच्यात सामन्यांची यादी असते."

"अहो, मग सरळ छापायची सोय का नाही केलीत?"

"करायला गेले तेव्हाच तो पहिल्यांदा मेला. बघते तर यादी आत तयार! मग पुढे कशाला लिहू? तीस वर्षं मुद्दाम मारतेय त्याला."

वर्लिन उसळला, "पण मी विचारलं होतं, कुणी वापरतं का म्हणून! लिस्टवर!"

"मी रोज इथे बसते. इथे विचारलंस?"

अध्यक्ष डुएन म्हणाला, "चिठ्ठ्या टाकू या." त्यावर एकच गिल्ला झाला! "पहिल्याच फेरीत गतविजेत्यांशी आम्ही? छट्!" अकरापर्यंत यादी लागली नाही तर बर्फ हॉकीवाल्यांचा, आणि हॉकीवाले दारात येऊन बुटांच्या नाड्या आवळत होते.

वर्लिनने चारशे ओळी परत घातल्या आणि कर्नल नव्याने बांधायला घेतलं. क्लबाचा कंप्युटर बैलगाडीच्या चालीने चालला होता. मागे सगळा क्लब उभा. दुपारच्या जेवणाचं हॉटडिश दहा पस्तीसलाच संपलं. वर्लिनला घासभरही कुणी विचारलं नाही.

दहा त्रेपन्नला बाईंनी पुन्हा कळ दाबली. पडद्यावर अक्षरं उमटली: प्रोग्रॅम कोसळला, प्रत उतरवली.

"मेला! मेला!" सगळा हॉल ओरडला. झाडू आपटले, अनोळखी माणसांनी मिठ्या मारल्या, डुएन तर नाचला! प्रोग्रॅम मरू नयेत म्हणून जन्म घालवलेल्या वर्लिनच्या डोळ्यांत आनंदाने पाणी आलं.

यादी लागली, दगड घरंगळू लागले. वर्लिन खाली मान घालून लिस्टला कळवायला बसला: 'रचना परत घेत आहे. वापरणारी एक व्यक्ती सापडली.'

खांद्यावरून अर्लीनबाई वाकल्या. "एक कशी रे? भिंतीवरची यादी बघून दगड ढकलणारे चौसष्ट आहेत. तूही अकरा वर्षं त्यातलाच ना?"

वर्लिनने 'एक व्यक्ती' खोडून 'चौसष्ट जण' केलं. मग जरा घुटमळून पुढे लिहिलं, 'माझ्यासकट.'